दुसरी रिंग

थेंब साडेपाच सेकंदांनी पडत होता. मनगटावरचं घड्याळ काढून मी परातीच्या काठाशी टेकवून ठेवलं होतं आणि मोजत होते. खड्ड्यावर उभ्या केलेल्या पिकअपच्या इंजिनाच्या तळाशी एका बोल्टच्या टोकाला तेल जमायचं, आधी चपटं, मग गोल, मग स्वतःच्या वजनानं लांबट होऊन तुटायचं. मिनिटाला अकरा. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अकरा.

"किती?" वर केबिनमधून अण्णांनी ओरडून विचारलं.

"मिनिटाला अकरा."

"म्हंजी लई नाय."

"नुसतं चालू आहे म्हणून. आता जरा रेस करा. थोडीच."

इंजिन एकदम किंचाळलं. गाडी हादरली, खड्ड्याच्या कडेची माती माझ्या मानेवर पडली आणि थेंबांची धार झाली. गालावर, चष्म्यावर कोमट तेल उडालं.

"थोडी म्हणाले ना, अण्णा!"

"थोडीच दिली की!"

इंजिन बंद झालं. मी ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला. तेल इतकं सगळीकडे उडालं होतं, की ते नेमकं कुठून येतं आहे हे सांगता येत नव्हतं.

फेब्रुवारीतला रविवार होता. आमचं गाव घाटमाथ्यावर आणि द्राक्षाच्या बागा घाटाखाली. मधे तेवीस वळणं. अण्णा, म्हणजे माझे वडील रंगनाथ, गावातल्या बायकांना रोज सकाळी सहाला बागांवर पोचवायचे आणि संध्याकाळी वर आणायचे. एकोणीस वर्षं. आधी जुन्या जीपमधून, मग या पांढऱ्या पिकअपमधून. आदल्या दिवशी, शनिवारी, परतताना सोळाव्या वळणावर तेलाचा दिवा लागला होता. बावीस बायका खाली उतरल्या, अण्णांनी जवळ होतं ते तेल ओतलं आणि कशीबशी गाडी घरी आणली. सोमवारी परदेशी जाणाऱ्या मालाची तोडणी होती. ती एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. संध्याकाळपर्यंत गळती सापडली नाही, तर बायका दुसऱ्याच्या गाडीनं जाणार होत्या.

"आणि एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसलेली बाई परत येत न्हाय," अण्णा सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले.

तालुक्याचा रफिक मिस्त्री कुठल्याशा लग्नाला सोलापूरला गेला होता. तसंही अण्णा त्याच्याकडे क्लच आणि पंप एवढ्यासाठीच जायचे. तेल, फिल्टर, पॅकिंग हे सगळं घरी. अंगणाच्या कडेला त्यांनी दोन दगडी पट्टे बांधले होते, चाकं त्यावर चढवायची आणि मधल्या खड्ड्यात उभं राहून खालून काम करायचं. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्या खड्ड्यात उतरत होते. पाने कुठल्या नंबरचे, हे मी पाढ्यांसारखं पाठ केलं. आता मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि रविवारी अजूनही पाने देत होते.

नऊच्या सुमाराला हौसाबाई आली. ती बायकांची मुकादम. कुणी यायचं, कुणी नाही, कुठल्या बागेत किती जणी, सगळं तिच्या तोंडी. बाजाराला निघाली होती. हातात दोन पिशव्या, डोक्यावर पदर.

"काय म्हणतीय आमची राणी?" तिनं बॉनेटवर थाप मारली.

"सर्दी झालीय," अण्णा म्हणाले. "दुपारपर्यंत बरी व्हतीय."

"बरी करा बाबा. आन् तेवढा ब्रेकबी बघा." मग माझ्याकडे वाकून, "कुंदे, तुझा बाप हल्ली ब्रेक मारतो का आमची हाडं मोजतो गं? काल नवव्या वळणावर शेवंता माझ्या मांडीवर आली, आन् मी तिच्या डब्यावर."

"डबा रिकामाच होता की," अण्णा म्हणाले.

"डबा रिकामा, पण मी भरलेली!" ती हसली. "पाचला येते बाजारातून. मग सांगा. नाय जमत तर तसं सांगा, मला दुसरी गाडी बघाय लागंल. राग नाय धरायचा."

"कोण म्हणतं नाय जमत?"

ती गेली. मी अण्णांकडे पाहिलं नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्या दिवशीचं नव्हतं, दिवाळीनंतरपासून तसंच राहिलं होतं.

आम्ही वरून सुरुवात केली. तेल वरून खाली येतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा आधी, असं अण्णांचं शास्त्र. माझंही तेच म्हणणं होतं. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, कडेला ओलं दिसत होतं. कव्हर काढलं, जुनं पॅकिंग खरवडलं, घरात ठेवलेलं नवं बसवलं, बोल्ट आडवे-तिडवे क्रमानं आवळले. बोल्ट अण्णांच्या हातातून दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ते म्हणाले, "तेलकट झालेत," आणि पाना माझ्याकडे दिला.

इंजिन चालू केलं. साडेपाच सेकंद. थेंब.

"पॅकिंग बसायला वेळ घेतं," अण्णा म्हणाले.

अर्धा तास थांबलो. थेंब.

मग तळाचा प्लग. त्याची तांब्याची चकती बदलायची तर सगळं तेल काढावं लागतं. तेल अजून गरम होतं. मी पान्यानं प्लग सैल केला, बादली लावली आणि चिंधी शोधायला वळले, तेवढ्यात अण्णांनी प्लग शेवटचे आटे हातानंच फिरवून काढला. तेल त्यांच्या मनगटावरून खाली आलं.

"अण्णा, भाजेल!"

"ड्रायव्हरचा हात हाय हा," ते म्हणाले. हात त्यांनी लगेच मागे घेतला नाही. नंतर धुताना पाहिलं, तर मनगटाखालचा भाग लाल झाला होता.

काढलेलं तेल मी फडक्यातून गाळून परत भरलं, कारण नवा एकच डबा शिल्लक होता. चकती नवी. प्लग नव्यानं आवळलेला. इंजिन चालू. मी खड्ड्यात, घड्याळ परातीपाशी.

थेंब.

"किती?"

"तेवढेच," मी म्हणाले.

अण्णांनी रफिकला फोन लावला. मागे बँडचा आवाज येत होता, त्यामुळे दोघंही ओरडत होते. मलाही सगळं ऐकू येत होतं.

"टॅपेट कव्हर बघितलं?"

"बदललं."

"प्लग?"

"बदलला."

"फिल्टर बघितला का, अण्णा?"

"फिल्टर मी सोता बसवलाय. पंधरा दिस झालं."

"तुम्ही बसवलाय म्हणल्यावर विषयच मिटला," रफिक म्हणाला. "मग आता मागचं सील. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतोय. मी मंगळवारी येतो."

"मंगळवारी ये माझ्या दहाव्याला," म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

फिल्टरचं नाव निघालं, तेव्हा मीही मान हलवली होती. तो अण्णांनी बसवला आहे, म्हणजे तो नाही. माझ्या विद्यार्थ्यानं वहीत असं लिहिलं असतं, तर मी लाल रेघ मारली असती.

एक वाजला. जेवायला म्हणून अण्णा पुढे निघाले, ओटा चढले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मी मागे होते. त्यांच्या उजव्या पायात चप्पल होती आणि डावा अनवाणी. डावी चप्पल मागे दगडी पट्ट्यावर राहिली होती, उन्हात तापलेल्या फरशीवरून ते तसेच चालत आले होते. मी परत गेले, चप्पल उचलली आणि त्यांच्या पाटाशेजारी ठेवली. त्यांनी ती पाहिली. त्यांनी मला पाहिलं.

"आमटी झ्याक झालीय," ते म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांच्या टाचेत खिळा घुसला होता. तो त्यांना नाही, मला दिसला, फरशीवर उमटलेल्या रक्तावरून. म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मधुमेह बारा वर्षं जुना होता. डॉक्टरांनी नादकाटा वाजवला, कॉलेजात ध्वनीच्या प्रयोगाला वापरतात तसाच, आणि त्याचं बूड अण्णांच्या अंगठ्यावर टेकवलं.

"थरथर कळतेय?"

"कळतीय."

दुसऱ्यांदा डॉक्टरांनी काटा वाजवला आणि टेकवण्याआधी दोन बोटांनी धरून थांबवला. अण्णा छताकडे पाहत होते. मी काट्याकडे पाहत होते.

"आता?"

"कळतीय की."

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "पायात काही राहिलेलं नाही. ब्रेक किती दाबलाय हे त्यांना कळत नसणार. गाडी बंद करायची. मी सांगू का तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," मी म्हणाले.

त्याला शंभरावर दिवस झाले होते. आधी म्हटलं, थंडी सरू दे. मग द्राक्षं सुरू झाली. आई गेली तेव्हा अण्णा दोन महिने खाटेवरून उठले नव्हते, आणि उठले ते बागा सुरू झाल्या म्हणून. पहाटे पाचला गाडी पुसायला. हे मला आठवायचं. शिवाय मी स्वतःला एक सांगून ठेवलं होतं: पाय गेले असतील, हात तर आहेत. स्टिअरिंग हातात असतं, हँडब्रेक हातात असतो. त्यांच्याइतका जाणता हात मी दुसरा पाहिला नव्हता. 'डोळा फसतो, बोट फसत नाय,' असं म्हणून त्यांनी मला लहानपणी डोळे मिटायला लावून पॅकिंगची चीर बोटानं शोधायला शिकवलं होतं. रोज सकाळी सहाला बावीस जणी त्या गाडीत चढायच्या, मी ओट्यावरून पाहायची, आणि संध्याकाळी हॉर्न ऐकू येईपर्यंत माझं कशात लक्ष नसायचं. तरी मी बोलले नव्हते.

जेवण झाल्यावर अण्णा खड्ड्यात उतरले आणि बराच वेळ काही आवाज आला नाही. मी वाकून पाहिलं. ते खाली बसले होते, डोकं मागच्या दगडाला टेकवून. कपाळावर तेलाचा पट्टा.

"मागचं सील असंल तर संपलं," ते म्हणाले. "मंगळवारपर्यंत हौसा थांबायची नाय. का थांबावं तिनं?"

"अजून तीन तास आहेत."

"कुंदे, ही गेली तर मी दिसभर करू काय गं? सांग की. देवळाच्या पारावर बसून माश्या मारू?"

मी बोलायला हवं होतं ते तिथंच. खड्ड्याच्या कडेला मी गुडघे टेकून बसले होते, ते माझ्यापासून दोन हातांवर होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी खडू आणते."

"खडू?"

"तुम्ही वर या."

कॉलेजची खडूची एक पेटी घरी होती. मी वीसेक खडू कागदात गुंडाळून लाटण्यानं कुटले, रवाळ पीठ होईपर्यंत. मग डिझेल आणि ब्रश घेऊन सगळं इंजिन धुतलं, वरपासून तळापर्यंत, चिंधीनं कोरडं केलं. आणि त्यावर खडूची भुकटी फुंकली. काळं इंजिन पांढरंफटक झालं.

"पावडर लावून लग्नाला न्यायचीय का तिला?" अण्णा म्हणाले. हसले नाहीत.

"तुम्ही चालू करा. रेस नको. पायच लावू नका तिथं."

ते क्षणभर थांबले. मग केबिनमध्ये गेले.

मी टॉर्च घेऊन खाली. पांढऱ्यावर आधी काहीच झालं नाही. टॅपेट कव्हर कोरडं. प्लग कोरडा. मागची बाजू, जिथं सील असतं, कोरडी. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी एक करडी रेघ उगवली, दोऱ्याएवढी बारीक. ती खाली सरकली, बोल्टाच्या टोकाशी पोचली आणि तिथं थेंब धरला. मी टॉर्च उलट्या दिशेनं वर नेला.

रेघ फिल्टरच्या ओठाशी सुरू होत होती.

"बंद करा," मी म्हणाले.

अण्णा खाली आले, वाकले, रेघ पाहिली. "नाय," ते म्हणाले. "वरनं आली असंल."

"वर कोरडं आहे. बघा."

"मी बसवलाय तो. बोट फिरवून बसवलाय."

मी पट्ट्याचा पाना लावला. फिल्टर सहज निघाला. तेल पचकन परातीत पडलं. फिल्टरच्या तोंडाशी त्याची रबरी रिंग जागच्या जागी होती, नवी, काळी, तकाकणारी. मी चिंधीला हात पुसले आणि फिल्टर जिथं टेकतो त्या इंजिनाच्या बाजूच्या बैठकीवर डोळे मिटून बोट फिरवलं. तिथं फक्त गुळगुळीत लोखंड असायला हवं होतं. माझं बोट एका कडेवर चढलं आणि उतरलं. पुन्हा फिरवलं. पूर्ण गोल.

जुन्या फिल्टरची रिंग. जुना काढताना ती बैठकीला चिकटून राहिली होती आणि नवा त्यावरच बसवला होता. रिंगेवर रिंग. पंधरा दिवस दम धरला आणि शनिवारी चढावर दाब वाढला तेव्हा सुटली. ही चूक होऊ नये म्हणूनच बोट फिरवायचं असतं. अण्णांनी मला पहिल्यांदा शिकवलेलं तेच.

मला उत्तर मिळालं होतं. तरी मी म्हणाले, "अण्णा, जरा बोट फिरवून बघा बैठकीवर."

त्यांनी उजव्या हाताची तर्जनी चिंधीनं नीट पुसली. वर नेली. टॉर्च माझ्या हातात होता, मला त्यांचं बोट दिसत होतं. ते रिंगेवर टेकलं आणि तिच्यावरून सावकाश, पूर्ण गोल फिरलं. एकदा, आणि मग खात्रीसाठी आणखी एकदा. ते डोळे मिटून मन लावून करत होते.

"साफ हाय," ते म्हणाले. "बघ, मी म्हणलं न्हवतं?"

पाय आधी बधिर होतात, मग हात. पुस्तकात वाचलं होतं. बधिरपण हातापर्यंत पोचतं तोवर खालून ते गुडघ्यापर्यंत आलेलं असतं.

मी बारीक पेचकस घेतला, रिंगेखाली सरकवला आणि ती सोलून काढली. कडक झालेली, चपटी, एका बाजूला फिल्टरच्या रंगाचा हिरवा कण लागलेला. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

अण्णांनी ती पाहिली. मूठ मिटली, उघडली. अंगठ्यानं ती चोळली, जसं एखादं नाणं खरं आहे का ते पाहतात. पुन्हा चोळली. त्यांच्या तोंडावरचं मला वाचता येईना. खड्ड्यात डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास कोंडला होता.

"कवापासून म्हाईत हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"हाताचं आत्ता कळलं."

"आन् पायाचं?"

"तुम्हाला जेव्हापासून माहीत आहे, तेव्हापासून."

फिल्टर त्यांनी माझ्याकडे सरकवला. "बसव तू."

मी बैठक पुसली, बोट फिरवलं, नव्या रिंगेवर बोटभर तेल लावलं आणि फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवून वर पाऊण फेरा आवळला. शेवटच्या डब्यातलं तेल भरलं. मग मी केबिनमध्ये बसले आणि अण्णा खड्ड्यात राहिले. मी इंजिन चालू केलं, थोडी रेस दिली, मग आणखी थोडी.

"किती?" मी ओरडून विचारलं.

"एकबी नाय."

दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. परात कोरडी. एरवी अशा वेळी अण्णा बॉनेटवर दोन थापा मारायचे आणि चहा टाक म्हणायचे. ते वर आले आणि दगडी पट्ट्यावर बसले, उजवी मूठ मिटलेली.

रस्त्यावरून हौसाबाई येताना दिसली. दोन्ही पिशव्या भरलेल्या, वरून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती लांबूनच हसली.

"उठली का राणी? मी म्हणतच व्हते, रंगाभाऊ असं सोडायचे नायत." तिनं पिशव्या खाली ठेवल्या, गाडीखाली वाकून पाहिलं. "अगं बया, कोरडी ठाक! उगा जीव खाल्ला माझा. बाजारात त्या टेंपोवाल्याला मी नुसतं विचारून ठेवलेलं, आता जाते आन् नको म्हणून सांगते." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग उद्या सहाला ना, भाऊ? शेवंता, तिची सून, सगळ्या येत्यात. तेवीस होतील."

अण्णांनी मूठ उघडली. रिंगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी इंजिन बंद केलं.

"तू सांग," ते म्हणाले. "माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"काय सांगायचंय?" हौसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय गं कुंदे?"

मी केबिनमधून खाली उतरले. हातांना तेल होतं, ते कुठं पुसावं कळेना, तसेच दोन्ही बाजूला धरून तिच्यासमोर उभी राहिले.

"गाडी बरी झालीय, मावशी," मी म्हणाले. "एक थेंब पडत नाही. पण उद्या ती येणार नाही, तुम्ही टेंपो सांगा. अण्णांच्या पायाला ब्रेक कळत नाही. दिवाळीपासून. मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला रोज चढू दिलं. आजपासून अण्णा गाडी चालवणार नाहीत."